खाऱ्या वाऱ्यातली शंभर सीसी

१२ जानेवारी २०२४ या एकाच दिवशी रायगडच्या किनाऱ्याला दोन नव्या वाटा मिळाल्या. एक शिवडीहून निघून उरण तालुक्यात चिर्ल्याला उतरणारा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू, आणि दुसरी खारकोपरच्या पुढे थेट उरणपर्यंत आलेली लोकल. पुलाचे फोटो घरोघरी पोचले. सेतूच्या नियमांत मात्र एक ओळ अशी होती, की मोटारसायकल, मोपेड, रिक्षा आणि ट्रॅक्टर यांना त्यावर प्रवेश नाही. उरणच्या ज्या घरात एकच वाहन आहे आणि तेही दुचाकी आहे, त्या घरापासून मुंबई रस्त्याने होती तितकीच लांब राहिली. उलवे, बेलापूर, वाशी आणि मग खाडीपूल, हा वळसा चुकला नाही.

याच दुचाकीला समुद्राने मात्र कधी दार बंद केलं नाही. रेवसहून करंजाला जाणाऱ्या लाँचमध्ये माणसांबरोबर मोटारसायकली चढतात. भरती असली तर धक्का आणि लाँच जवळजवळ एका पातळीत येतात आणि गाडी ढकलून आत घेता येते. ओहोटीला तीच गाडी चार हातांनी उचलून उतरवावी लागते. पंधरा-वीस मिनिटांत पलीकडे उरण. हेच अंतर रस्त्याने काढायचं तर वडखळ, पेण असा दोन तासांचा फेरा पडतो. दक्षिणेला आगरदांड्याहून दिघीला आणि बागमांडल्याहून वेश्वीला जाणाऱ्या फेरीबोटींवर तर गाडी चालवतच नेता येते. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली, तीही दुचाकी घेते. रेवस-करंजा पुलाची चर्चा बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासूनची. आता त्याचं काम हाती घेतलं गेलं आहे. या पुलावर दुचाकीला वाट ठेवलीच पाहिजे; ती नसेल तर पूल ज्या गावांच्या अंगणातून जातो त्यांनाच तो परका होईल.

या किनाऱ्यावर शंभर सीसीची मोटारसायकल ही हौस नाही, घराच्या पोटापाण्याचं साधन आहे. अलिबागला प्रवासी रेल्वे नाही. जवळचं स्टेशन पेण, तीसेक किलोमीटरवर. एसटी आहे, मिनीडोअर आहे, पण एसटी तिच्या वेळेला येते आणि मिनीडोअर भरल्याशिवाय सुटत नाही. थळच्या आरसीएफ खतकारखान्यात, उसरच्या गेलमध्ये, डोलवीच्या जेएसडब्ल्यूत पाळीवर जाणाऱ्याला ही चैन परवडत नाही. पहिल्या पाळीचा माणूस पहाटे घर सोडतो, तेव्हा त्याच्या गावातून पहिली एसटी सुटलेलीही नसते. त्याच वेळी कोळीवाड्यातून मासळीचे क्रेट बांधून गाड्या निघतात, पाववाला निघतो, नागाव-किहीमच्या बंगल्यांवर कामाला जाणारा माळी निघतो. पुढे दिवस चढला की याच गाडीवर मूल शाळेत जातं, म्हातारं माणूस सिव्हिल हॉस्पिटलात जातं, आणि हंगामात पांढऱ्या कांद्याच्या माळा बाजारात येतात.

हे चित्र गेल्या चाळीस वर्षांतलं. १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचं रायगड झालं, १९८५ च्या सुमारास थळचा खतकारखाना उत्पादन देऊ लागला, आणि नेमक्या याच काळात देशात शंभर सीसीच्या जपानी बनावटीच्या गाड्या आल्या. १९८४ मध्ये इंड-सुझुकी, १९८५ मध्ये यामाहाची आरएक्स १०० आणि हिरो होंडाची सीडी १००, १९८६ मध्ये बजाजची कावासाकी केबी १००. तोवर गाडी म्हणजे राजदूत, येझदी, बुलेट, नाहीतर बजाजची स्कूटर. नव्या चार जपानी गाड्यांत सीडी १०० तेवढी फोर स्ट्रोक होती. तिला पेट्रोलमध्ये ऑईल मिसळावं लागत नसे, आणि ती पेट्रोल इतकं कमी पीत असे की पगारदार माणसाने हिशेब मांडून तिच्याकडे मोर्चा वळवला. टाकी भरा, बंद करा आणि विसरून जा, अशी तिची जाहिरात होती. १९९४ मध्ये त्याच कुळातली स्प्लेंडर आली. हिरो आणि होंडा २०१० च्या अखेरीला वेगळे व्हायचं ठरवून बसले, तरी किनाऱ्यावर आजही कित्येक जण नव्या गाडीलाही हिरो होंडाच म्हणतात. पुण्याच्या बजाजने बॉक्सर, सीटी १०० आणि २००६ मध्ये प्लॅटिना आणून याच गिऱ्हाइकाला साद घातली. २०२३ मध्ये होंडानेही शाईनचं शंभर सीसीचं रूप काढलं. इतक्या वर्षांत साचा फारसा बदललेला नाही. शंभर सीसीच्या आसपासचं इंजिन, चार गिअर, सव्वाशे किलोच्या आतलं वजन, आणि कुणालाही दुरुस्त करता येईल अशी रचना.

जाहिरातीतलं ते ‘विसरून जा’ रायगडच्या किनाऱ्यावर कधीच लागू झालं नाही.

इथे गाडीचा खरा शत्रू वारा आहे. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे बारीक कण असतात. ते लोखंडावर बसतात आणि हवेतली ओल धरून ठेवतात, त्यामुळे पाऊस नसतानाही पत्रा कोरडा राहत नाही. मिठातला क्लोराइड धातूवरचा संरक्षक थर पोखरतो आणि रंगाच्या एका ओरखड्यातून गंज आत शिरतो. वर रंग चकचकीत आणि खाली पापुद्रे, अशी अवस्था होते. आधी साखळी तांबूस होते, मग स्पोकची टोकं, ब्रेकच्या रॉडचे नट, साइड स्टँडची स्प्रिंग, सायलेन्सरची जोडणी. मॅग व्हील अॅल्युमिनियमचं म्हणून गंजत नाही हे खरं, पण त्यावरही पांढरी भुकटी धरते. तांब्याच्या वायरींच्या कनेक्टरवर हिरवट थर चढतो आणि एके दिवशी हॉर्न वाजेनासा होतो. अलिबागच्या गाडीची आणि पुण्याच्या गाडीची वर्षं सारखी असली तरी वय सारखं नसतं.

त्यातही मासळीची गाडी सगळ्यात आधी झिजते. क्रेटमधला बर्फ वितळतो, त्याचं खारट पाणी मागच्या चिमट्यावर, साखळीवर आणि शॉकअॅबसॉर्बरवर थेंब थेंब गळत राहतं. घरी आल्यावर माणूस आधी क्रेट धुतो, गाडी राहून जाते. ज्यांनी क्रेटखाली रबराचा जाड तुकडा किंवा कडा वळवलेला पत्रा बसवून पाणी बाजूला काढलं, त्यांची साखळी जास्त चालते. खर्च नगण्य, पण कंपनीच्या कुठल्याही पुस्तिकेत हा उपाय लिहिलेला नाही.

दुसरी गोष्ट वाळूची. काशीद, रेवदंडा, नागाव, आक्षी इथे पर्यटक मोटारी आणि बाईक पुळणीवर घालतात आणि रुततात, हे दर वर्षी घडतं. स्थानिक माणूस सहसा ते करत नाही. ओली वाळू साखळीत गेली की ती ऑईलमध्ये कालवली जाते आणि दातरी चाकं घासून काढते. गॅरेजात अशी साखळी उघडल्यावर मेकॅनिकचा पहिला प्रश्न असतो, ‘बीचवर घातली होती का?’ चेन सेट बदलण्याचा खर्च हजाराच्या पुढे जातो, म्हणजे एका फेरफटक्याने जवळजवळ महिन्याचं पेट्रोल खाल्लं.

यावर इलाज साधा आहे, फक्त तो नियमाने करावा लागतो. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने, इंजिन थंड असताना, जोराचा फवारा न मारता धुणे. धुतल्यावर गाडी लगेच झाकून ठेवायची नाही, थोडी फिरवून पाणी उडू द्यायचं आणि मग साखळीला ऑईल. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर त्याने धुण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसलेली बरी. प्लास्टिकच्या कव्हरचा इथे उलटाच परिणाम होतो, कारण आत दमट हवा कोंडते आणि मीठ रात्रभर काम करत राहतं. पडवीत, वारा खेळेल अशा आडोशाला उभी केलेली उघडी गाडी जास्त टिकते. पावसाळ्याआधी गाडीच्या पोटाला जुनं काळं ऑईल फासायची पद्धत गावोगाव आहे. गंज त्याने थांबतो, पण ते ब्रेकच्या ड्रमजवळ किंवा टायरवर गेलं तर जिवाशी खेळ आहे, आणि पहिल्या सरीला ते ओघळून अंगणातल्या मातीत उतरतं. थोडे पैसे जास्त मोजून शोरूममध्ये किंवा बाहेर गंजरोधक थर मारून घेतलेला केव्हाही चांगला.

गाव छोटं म्हणून फेऱ्या छोट्या, आणि छोट्या फेऱ्यांचं नुकसान सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. अलिबागमध्ये चेंढऱ्याहून एसटी स्टँड, तिथून कोर्ट, कोर्टाहून मासळीबाजार. दर वेळी दोन-तीन किलोमीटर, दर वेळी सेल्फ स्टार्ट. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते. सायलेन्सर पुरेसा तापला तर ती बाहेर पडते, नाहीतर आतच तिचं पाणी होतं. म्हणजे सायलेन्सरवर बाहेरून समुद्र आणि आतून हे पाणी, असा दुहेरी मारा. बॅटरीचंही तसंच; सेल्फने जितकी वीज खाल्ली तितकी दोन किलोमीटरमध्ये परत भरत नाही. जाणते मेकॅनिक म्हणूनच सकाळी पहिली किक मारायला आणि आठवड्यातून एकदा गाडी पोयनाडपर्यंत किंवा रेवदंड्यापर्यंत सलग चालवून आणायला सांगतात. शहरी वापरासाठी गाडी घेणाऱ्याने हा सल्ला गाठीला बांधावा.

मग पाऊस. रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि जवळपास सगळा चार महिन्यांत. शंभर सीसीच्या गाड्यांना बहुतेक दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक असतात. खड्ड्यातल्या पाण्यातून गाडी गेली की ड्रममध्ये पाणी शिरतं आणि पुढचा ब्रेक क्षणभर लागतच नाही. पाण्यातून बाहेर आल्यावर मंद वेगात ब्रेक हलका दाबून लायनर सुकवायचे, ही सवय इथल्या जुन्या चालकांच्या पायात मुरलेली आहे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना एकत्रित ब्रेक सक्तीचा झाला. आता मागचा पेडल दाबला की पुढचं चाकही थोडं धरलं जातं. निसरड्या उतारावर फक्त मागचा ब्रेक दाबून घसरणाऱ्यांसाठी हा बदल मोलाचा आहे. पण ती केबल सैल पडली तर उपयोग शून्य, आणि खाऱ्या हवेत केबलच आधी जाम होते.

गाडी पुरात बुडाली तर काय करायचं, हे २२ जुलै २०२१ च्या रात्रीनंतर महाडने शिकवलं. सावित्रीचं पाणी ओसरल्यावर चिखलातून बाहेर काढलेली गाडी लगेच किक मारून पाहण्याचा मोह आवरायला हवा. आधी ऑईल काढायचं. ते दुधाळ दिसलं तर इंजिनात पाणी आहे. प्लग काढून, ऑईल बदलून, टाकीतलं पेट्रोल फेकून मगच सुरुवात. जे घाई करतात त्यांचा पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जातो, आणि स्वस्त गाडीचा तो खर्च गाडीच्या किमतीच्या मानाने फार मोठा असतो.

आता पैशांचा हिशेब. २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. स्प्लेंडरच्या वर्गातली गाडी त्यामुळे पंचाहत्तर हजारांच्या आतबाहेर आली. तिच्यावर राज्याचा एकरकमी कर, ९९ सीसीपर्यंत १० टक्के आणि त्यापुढच्या गटाला ११. विमा आला; सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो, आणि या गटासाठी २०२२ मध्ये ठरलेला त्याचा हप्ता ३,८५१ रुपये. नोंदणी, नंबरप्लेट धरून रस्त्यावर येईपर्यंत आकडा नव्वद हजारांच्या घरात जातो. बहुतेक गाड्या हप्त्यांवर घेतल्या जातात.

चालवण्याचा खर्च मात्र खरोखर कमी आहे. दिवसाला तीस किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे साडेसातशे किलोमीटर. लिटरला साठचं अॅव्हरेज धरलं तर साडेबारा लिटर, १०४ रुपयांच्या भावाने तेराशे रुपये. तेच अॅव्हरेज पन्नासवर घसरलं तर १,५६०. हे दोनशे साठ रुपये जास्त का गेले याचं उत्तर बहुधा इंजिनात नसतं. टायरमध्ये हवा कमी, साखळी फार ताणलेली, किंवा गंजलेल्या कॅममुळे ब्रेक धरून राहिलेला. गाडी मुख्य स्टँडवर लावून मागचं चाक हाताने फिरवून पाहायला पैसे पडत नाहीत.

दुरुस्तीचं गणित २०२० पासून बदललं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-सिक्स आलं आणि बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन बसलं. धूर कमी झाला, पावसाळी सकाळी चोक ओढत बसणं संपलं, हा फायदा कुणीही नाकारणार नाही. पण नाक्यावरच्या मेकॅनिकचं निम्मं शास्त्र कार्ब्युरेटरमध्ये होतं. पूर्वी जेट फुंकून, प्लग घासून गाडी जाग्यावर चालू होत असे. आता पंपाला वीज हवी, सेन्सर हवेत, आणि बॅटरी पूर्ण उतरली तर किक मारूनही गाडी सुरू होईलच असं नाही. ज्याने स्कॅनर घेतला आणि शिकून घेतलं तो मेकॅनिक टिकला. लहान गावातल्या गॅरेजवाल्यांना हे प्रशिक्षण कंपन्यांनी मोफत द्यायला हवं, कारण कंपनीचं सर्व्हिस सेंटर तालुक्याच्या गावी असतं आणि गाडी बंद पडते ती बोर्ली नाहीतर चौलच्या रस्त्यावर.

पेट्रोलही बदललं आहे. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आता सर्वत्र मिळतं आणि इथेनॉल हवेतली ओल शोषतं. रोज चालणाऱ्या गाडीला याचा फारसा त्रास नाही. मात्र मुंबईत कामाला असलेल्या मुलाची गाडी गावच्या पडवीत दोन-दोन महिने उभी राहते, तिच्या टाकीच्या तळाशी पाणी साठू शकतं. एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाडीचे रबरी पाइप आणि वॉशरही या पेट्रोलसाठी बनवलेले नसतात. ते पाहून बदलून घ्यावेत.

पर्याय नाहीत असं नाही. बजाजने ५ जुलै २०२४ ला पुण्यात फ्रीडम १२५ आणली, सीएनजीवर चालणारी जगातली पहिली मोटारसायकल. तिच्यात दोन किलो गॅस आणि दोन लिटर पेट्रोल मावतं. रायगडात महानगर गॅसचे पंप आहेत, आणि ज्याच्या रोजच्या वाटेवर पंप आहे त्याच्यासाठी हिशेब जमतो. इलेक्ट्रिक स्कूटरही अलिबागच्या गल्ल्यांतून दिसू लागल्या आहेत. पण ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या कितीतरी गावांत वीज यायला आठवडे लागले, ही आठवण किनाऱ्यावर ताजी आहे. उन्मळून पडलेल्या माडा-पोफळींनी रस्ते अडवले असताना जीप जाऊ शकत नव्हती. मोटारसायकल खोडाखालून सरकवता येते, दोघांनी उचलून पलीकडे ठेवता येते. अशा प्रदेशात घरातली एक तरी गाडी पेट्रोलची असावी असं लोकांना वाटतं, ते समजण्यासारखं आहे.

आणि रस्ते. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण पनवेल-इंदापूर टप्प्यात २०११ मध्ये सुरू झालं, आणि त्याच्या खड्ड्यांवर एक पिढी मोठी झाली. वडखळ ते अलिबाग हा रस्ता तर शनिवार-रविवारी मोटारींनी तुंबतो. तेव्हा दुचाकीवाला साइडपट्टीवर उतरतो, जिथे डांबराची कड तुटलेली असते आणि खाली वीतभर उतार असतो. पाणी भरलं की ती कड दिसत नाही. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवर होती. हेल्मेट नसल्याने गेलेल्यांचा आकडा ५०,०२९, त्यात मागे बसलेले १४,३३७. इथे मागे बसणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट क्वचितच दिसतं. दोन किलोमीटरवर तर जायचंय, असं म्हटलं जातं. आयएसआय चिन्ह नसलेलं हेल्मेट विकायला १ जून २०२१ पासून बंदी आहे, तरी रस्त्याकडेच्या दुकानांत टोपीइतकी हलकी हेल्मेटं टांगलेली असतात. नव्वद हजारांच्या गाडीबरोबर दोन चांगली हेल्मेटं घेणं हा खर्च किमतीतच धरला पाहिजे, आणि साइडपट्टी भरून घेणं हे बांधकाम खात्याचं काम आहे, दर पावसाळ्याआधी.

जुनी गाडी घेणाऱ्यांचीही संख्या मोठी आहे. किनाऱ्यावरची गाडी पाहताना किलोमीटरचा आकडा दुय्यम. सीट काढून खालचा पत्रा पाहायचा, टाकीच्या पोटाखालून बोट फिरवायचं, सायलेन्सर इंजिनला मिळतो तिथली जोडणी आणि स्विंग आर्मची वेल्डिंग तपासायची. गाडी कोळीवाड्यातली आहे की पेण-नागोठण्याच्या बाजूची, हे विचारायला संकोच करू नये. एप्रिल २०१९ पूर्वीची असेल तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का, हेही पाहावं.

पंधरा वर्षं झाली की गाडीची नोंदणी आणखी पाच वर्षांसाठी वाढवून घ्यायला एमएच-०६ ची गाडी पेणच्या परिवहन कार्यालयात न्यावी लागते. तिथे तपासनीस आधी हँडलखाली, फ्रेमवर ठोकलेला चेसिस नंबर पाहतो. कागद ठेवून पेन्सिल घासली की त्याचा ठसा उमटतो. किनाऱ्यावरच्या बऱ्याच गाड्या इथे अडकतात, कारण इंजिन चालू असतं, कागद पूर्ण असतात, पण गंजाने आकडे खाल्लेले असतात. म्हणून जाणते मालक गाडी नवी असल्यापासून दर सर्व्हिसिंगला त्या आकड्यांवर ग्रीसचं एक बोट फिरवून घेतात.